आधी यजमान ठरवा, दाढीचं मग बघू

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वय अठ्ठावीस, नागपुरात सोलर पंपाचं काम. एका मदत संस्थेने अफगाणिस्तानात, हेरातच्या पूर्वेकडच्या डोंगराळ पट्ट्यात तीन महिन्यांसाठी बोलावलंय. ओबे, चिश्त आणि पुढे घोर प्रांताच्या हद्दीपर्यंतच्या खेड्यांत बोअर मारून पंप बसवायचे. घरचे घाबरलेत, बायको तर बोलतच नाही. आणि तुम्हाला हवी आहे नियमांची यादी: दाढी वाढवू का, कपडे कोणते घालू, शाकाहारी माणसाने काय खायचं, कोणी धर्म विचारला तर काय सांगायचं, टीममधली महिला सहकारी सोबत येऊ शकते का.

मी भूजलवाला माणूस. आयुष्य विदर्भातल्या विहिरी मोजण्यात गेलं. मधे २००५ ते २०१२ या काळात पाच हंगाम त्याच हरीरूद नदीच्या खोऱ्यात काढले, आणि तालिबानची राजवट आल्यावर २०२३च्या एप्रिलमध्ये तीन आठवडे पुन्हा जाऊन आलो. त्यामुळे लिहितोय. पण यादी देणार नाही. यादीतले नियम कोणी मोडत नाही हो. भानगड होते ती यादीत नसलेल्या गोष्टीने. माझी झाली ती सांगतो, मग तुमच्या प्रश्नांकडे येऊ.

२००६चा ऑक्टोबर. चिश्तच्या अलीकडचं एक गाव, पन्नासेक घरं, मातीच्या उंच भिंती, जर्दाळूची झाडं. कारेजच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्याच्या, तोंडापासून शेतापर्यंतचा उतार मोजायचा होता. मी सगळं नीट केलं होतं बरं का. सैल कपडे, डोक्यावर टोपी, सलाम-दुआ पाठ, उजव्या हाताने चहा. सकाळी दहाच्या सुमारास गावाला लागून असलेल्या टेकाडावर तिवई ठोकली, लेव्हल म्हणजे उतार मोजायची दुर्बीण बसवली आणि ड्रायव्हरला पट्टी घेऊन खाली एका भिंतीजवळ उभं केलं. दहा मिनिटांत एक म्हातारा फावडं खांद्यावर घेऊन वर आला. ओरडला नाही, काही नाही. सरळ दुर्बिणीच्या समोर, हातभर अंतरावर, एका दगडावर बसला.

मला वाटलं, यंत्राची भीती असेल. आपल्याकडे शेतकरी यंत्राजवळ आला की आपण काय करतो, "बघा काका, बघा" म्हणतो. मी तेच केलं. त्याला उठवून दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. त्याने लावला. पट्टी धरून उभा ड्रायव्हर त्याला दिसला, आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडचं अंगण. तंदुरापाशी रोट्या लावणाऱ्या बायका, हातभर अंतरावर असल्यासारख्या. म्हाताऱ्याने डोळा काढला आणि एक वाक्य बोलला. ते वाक्य काय होतं, हे आमच्या दुभाष्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही. आम्ही पंधरा मिनिटांत सामान गुंडाळून मेहमानखान्यात परत. ड्रायव्हर म्हणाला, गाडी तोंड फिरवूनच ठेवतो.

संध्याकाळी मीराब आला. मीराब म्हणजे गावाच्या पाण्याचा कारभारी. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी हे तो ठरवतो आणि गाव त्याचं ऐकतं. आमची संस्था त्याच्याच निरोपावर त्या गावात आली होती, म्हणजे आम्ही त्याचे पाहुणे, आणि लाज त्याची गेली होती. तरी आधी चहा झाला, नुक्ल झाले (ते आपल्या खडीसाखर लावलेल्या बदामासारखे असतात), घरच्यांची विचारपूस झाली. मग तो म्हणाला, इंजिनिअरसाहेब, कारेजच्या विहिरीची हरीम तुम्हाला माहीत आहे ना? मी हो म्हटलं, तो तर माझाच विषय. कारेजच्या विहिरींभोवती ठरावीक अंतरात दुसऱ्या कोणी विहीर खणायची नाही, त्या राखीव पट्ट्याला हरीम म्हणतात. तो म्हणाला, घरालाही असते. भिंतीपाशी संपत नाही ती. भिंतीवरून नजर जिथून आत पडते तिथपर्यंत असते. शब्द एकच आहे.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर मशिदीत सांगितलं गेलं की अमुक वेळी टेकाडावर मोजणी आहे. बायका आत गेल्या. पट्टी धरायला त्याच म्हाताऱ्याचा नातू घेतला. दीड तासात काम झालं. त्यानंतरचे सगळे हंगाम मी मशिदीत निरोप गेल्याशिवाय तिवई उघडली नाही, आणि गच्चीवर किंवा उंचवट्यावर चढायच्या आधी खालून हाक दिल्याशिवाय पाऊल टाकलं नाही.

आता तुमच्याकडे. तुमचा खरा प्रश्न "इस्लामी रीतिरिवाज कसे पाळू" हा नाही. तुम्ही गावाच्या दोन हरीमांमध्ये हात घालायला चालला आहात, घराच्या आणि पाण्याच्या, आणि त्यातली दुसरी जास्त धोक्याची आहे. हे तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हतं म्हणून काळजी वाटली.

कारेज काय असतं ते थोडक्यात सांगतो. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर, तिला मादरचाह म्हणतात, आईविहीर. तिच्यापासून जमिनीखालून अगदी मंद उताराचा बोगदा, वाटेत हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरींची रांग, आणि शेवटी पाणी पंपाशिवाय आपोआप शेतात येतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिला असेल तर तेच. मलिक अंबरची नहर-ए-अंबरीसुद्धा त्याच कुळातली. ही सगळी यंत्रणा भूजलाची पातळी आईविहिरीच्या तळाच्या वर आहे तोवरच चालते. तुम्ही शेजारी शंभर मीटरचं बोअर मारलं, त्यावर सोलर लावलं, की पातळी हात-दोन हात खाली गेली तरी कारेज कोरडी. डिझेल असताना खर्च म्हणून माणूस पंप बंद तरी करायचा. सोलरला ऊन फुकट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपसा. हेलमंद-कंदाहारकडे हेच झालंय, पाणी खाली खाली चाललंय. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात आपण बोअरची काय शर्यत लावली ते तुम्ही पाहिलंच आहे. आपल्याकडे १९९३च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर खणायला बंदी घातली, ती किती पाळली गेली ते सोडा. तिथे हरीम मोडली तर प्रकरण तहसीलदाराकडे जात नाही, दोन घराण्यांत जातं. आणि ज्याच्या शेतात तुमचं बोअर लागलं त्याच्या बाजूचे तुम्ही समजले जाता.

म्हणून संस्थेला दाढीबद्दल विचारण्याआधी हे विचारा: या गावात आम्हाला कोणी बोलावलंय? नाव सांगा. जिल्ह्याच्या कार्यालयाचं नको, गावातल्या माणसाचं. मीराब, रीशसफेद म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, मशिदीचा मुल्ला, यांतला कोण? तो बोअरच्या जागेला तयार आहे का, आणि वरच्या-खालच्या गावांचे मीराब त्या बैठकीत होते का? आम्ही रात्री कोणाच्या छताखाली झोपणार? काही बिनसलं तर तो माणूस आमच्यासाठी बोलायला उभा राहील का?

हे शेवटचं महत्त्वाचं. पाहुण्याचा मान हा त्या भागात सगळ्यांत मोठा आधार आहे. पश्तूनांकडे त्याला मेलमस्तिया म्हणतात, पण ताजिक गावांतही जिव्हाळा तोच. मात्र तो मान माणसाचा असतो, एनजीओचा नसतो. पांढरी गाडी, फलक, जॅकेट याने तुम्ही "कोणीतरी परदेशी" होता. अमक्याचा पाहुणा झालात की तुमच्या केसाला धक्का लागला तर त्याचं नाक कापलं जातं. फरक एवढाच आहे आणि खूप आहे. आणि याची उलटी बाजूही पाळायला लागते: ज्याच्याकडे उतरलात त्याला न सांगता शेजाऱ्याकडे जेवायला जायचं नाही, त्याला न सांगता गाव सोडायचं नाही. मेहमानखान्यात दारापासून सगळ्यांत लांबची जागा पाहुण्याची. तिथे बसवलं तर "नको नको, मी इथेच बरा" असा नागपुरी संकोच करू नका.

दुसरा आधार कागदाचा. तिथे त्याला मकतूब म्हणतात. कोणत्या खात्याचं, कोणत्या प्रांतासाठी, कोणत्या कामासाठी, सगळं त्यात असतं, आणि प्रांत बदलला की त्या प्रांताचं वेगळं लागतं. हेरातचं मकतूब घेऊन घोरच्या नाक्यावर उभे राहिलात तर उपयोग नाही. तुमचं काम हद्दीवर आहे, तेव्हा दोन्ही हवीत. पंपाचे कंट्रोलर, मीटर, जीपीएस, पाण्याची पातळी मोजायची टेप, जे जे वायरीचं आणि बॅटरीचं आहे त्याचा सिरीयल नंबर त्या कागदावर लिहून घ्या. पंधरा-वीस झेरॉक्स ठेवा, कारण नाक्यावरचा पोरगा प्रत ठेवून घेतो. ड्रोन नेऊ नका, साइटच्या फोटोसाठी कितीही सोयीचा असला तरी. आणि उपग्रह फोन इथून तर मुळीच नेऊ नका. आपल्याकडेच विनापरवाना तो बाळगणं गुन्हा आहे, दिल्लीच्या विमानतळावरच अडकाल. तिथे संस्थेकडे परवान्याचा असेल तर तो वापरा.

धोका किती, हे सगळे विचारतात. मी होतो तेव्हाचा आणि आताचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तेव्हा रस्ता घातकी होता. जरंज-दिलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता भारताने बांधला, त्यावरच्या एका भारतीय चालकाला २००५ साली पळवून नेऊन मारलं. २०१८च्या मे महिन्यात बगलानमध्ये वीजवाहिनीच्या कामावर जाणाऱ्या सात भारतीयांना वाटेत उचललं; काहींना घरी यायला वर्षाच्या वर लागलं. ऑगस्ट २०२१ नंतर लढाई थांबली, रस्ते पुष्कळ मोकळे झाले. २०२३ला मी हेरातहून ओबेपर्यंत निर्धास्तपणे गेलो, जे आधी कधी जमलं नव्हतं. पण मे २०२४मध्ये बामियानच्या बाजारात स्पॅनिश पर्यटकांवर गोळीबार झाला, माणसं गेली, जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली. शिवाय संशयावरून पकडले गेलेले परदेशी महिनोन्महिने आत राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे आता पळवापळवीपेक्षा चौकशीची, अटकेची भीती जास्त, आणि गर्दीच्या जागी हल्ल्याची. काबूलमध्ये भारताचं कार्यालय २०२२पासून पुन्हा सुरू आहे आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. पण ते काबूलमध्ये. चिश्तमध्ये तुम्हाला दूतावास नाही, मीराब आहे.

सगळ्यांत जास्त शक्यता कशाची विचाराल तर गाडी उलटण्याची आणि पोट बिघडण्याची. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की तालुका तुटतो, हे मी तरुणपणी गडचिरोलीत भोगलंय. बाळंतीण असो की साप चावलेला, पाणी उतरेपर्यंत थांबा. तिथे तसंच, फक्त पाण्याच्या जागी बर्फ. सलमा धरण, जे भारताने बांधलं आणि जून २०१६मध्ये सुरू झालं, ते चिश्त-ए-शरीफ जिल्ह्यातच आहे, हेरात शहरापासून सुमारे १६५ किलोमीटर. ऐकायला नागपूर-अमरावती. पण धरणाचं यंत्रसामान इराणच्या बंदर अब्बासला उतरवून बाराशे किलोमीटर सीमेपर्यंत आणि पुढे तीनशे किलोमीटर साइटपर्यंत ट्रकने यायचं, तेव्हा रस्ता काय असेल त्याचा अंदाज करा. आम्ही कधीतरी धरणावरच्या भारतीय मंडळींकडे वरण-भात खायला जायचो आणि दोन दिवस कंबर धरून बसायचो.

म्हणून हंगाम बघा. तुमचे तीन महिने डिसेंबर ते फेब्रुवारी असतील तर नाही म्हणा. घोरकडची वाट बर्फाने बंद होते, अपेंडिक्स फुटलं तर तुम्ही आणि देव. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून पूर येतात. २०२४च्या मे महिन्यात घोरमध्ये माणसं वाहून गेली. जून ते सप्टेंबर हेरातकडे वारा असतो, त्याचं नावच एकशेवीस दिवसांचा वारा. नागपूरची लू खाल्लेला माणूस म्हणतो त्यात काय. त्या वाऱ्यात पॅनलचे स्टँड उपटले जातात हे लक्षात ठेवा, पायाचं काँक्रीट इथल्या हिशेबाने करू नका. सगळ्यांत चांगला काळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. पीक निघालेलं, लोक मोकळे, आणि भूजल वर्षातल्या सगळ्यांत खालच्या पातळीला. तेव्हा जे पाणी लागेल ते खरं. रमजान मात्र कॅलेंडरात बघून घ्या, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. रमजानात दुपारी काम रेटायचं नाही आणि लोकांसमोर पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही.

तब्येतीचं थोडक्यात. जगात रानटी पोलिओ अजून ठाण मांडून आहे ते दोनच देश, पाकिस्तान आणि हा. पोलिओचा डोस निघण्याआधी किमान चार आठवडे घ्या आणि प्रमाणपत्र जवळ ठेवा, परतताना लागेल. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात, आणि कुत्री पाहता रेबीजचं आधीच घेऊन ठेवा. वाळूमाशी चावून होणारा एक व्रण तिथे सर्रास दिसतो, वर्षभर बरा होत नाही म्हणून लोक त्याला सालदाना म्हणतात. रात्री बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. विम्याच्या कागदात युद्ध आणि दहशतवाद वगळलेला असतो, तो परिच्छेद शोधून वाचा आणि जखमीला हेरातपर्यंत कोण, कशाने, कोणाच्या पैशाने आणणार हे संस्थेकडून लेखी घ्या. माझ्या एका हंगामात हे लेखी नव्हतं. सहकाऱ्याचा पाय मोडला आणि गाडीचं भाडं कोणी द्यायचं यावर दोन कार्यालयांत फोन चालू असताना तो सहा तास खाटेवर पडून होता.

सुरुंगांबद्दल एकच. रस्त्याकडेला लाल रंगवलेले दगड म्हणजे पलीकडे सुरुंग आहेत, पांढरे म्हणजे साफ झालंय. पण रंग पावसात उडतो, पुरात सुरुंग सरकतात. लघवीला गाडी थांबली की चाकोरीतच उभं राहायचं, आडोशाला जायचं नाही. लाज वाटते, वाटू द्या. बोअरची गाडी रस्ता सोडून शेतात उतरवणार असाल तर ती जागा साफ केल्याचा कागद आधी बघा. कागद नसेल तर गावातल्या मेंढपाळाला विचारा, तो मेंढ्या कुठून नेतो. तो जिथून नेत नाही तिथून तुम्हीही जाऊ नका.

आता धर्म. तुम्हाला विचारतील, पहिल्याच दिवशी विचारतील, आणि त्यात खोच नसते. आपण "गाव कोणतं, आडनाव काय" विचारतो तितक्याच सहजपणे. सरळ सांगा, हिंदू आहे, हिंदुस्तानचा आहे. खोटं बोलू नका, तीन महिने खोटं टिकत नाही. "मी कोणताच धर्म मानत नाही" हेही सांगू नका, ते त्यांना हिंदू असण्यापेक्षा जास्त चमत्कारिक वाटतं. मग कोणीतरी म्हातारा प्रेमाने म्हणेल, इतका चांगला माणूस आहेस, कलमा पढ. इथे लक्ष द्या. गंमत म्हणून, मन राखायला म्हणून, चारचौघांत कलमा म्हणायचा नाही. तुमच्यासाठी ते चार शब्द, त्यांच्यासाठी तुम्ही त्या क्षणी मुसलमान झालात, आणि दुसऱ्या दिवशी "मी तर सहज म्हटलं" हे धर्म सोडणं होतं. त्याची शिक्षा काय ते तुम्हाला माहीत आहे. हात छातीवर ठेवून म्हणायचं, बाबा, माझ्यासाठी दुआ करा. विषय तिथेच गोडीने संपतो. काश्मीर, राजकारण, मंदिर-मशीद यांवर तुमचं मत मागतील. तुम्ही पंपाचे मिस्त्री आहात, मत नसलेले.

एक गोष्ट नागपूरकरांना मुद्दाम सांगतो. आपण ताजबागेत चादर चढवून मोठे झालेलो, उर्साला गेलेलो. त्यामुळे वाटतं, आपल्याला मुसलमानी रीत कळते. अजमेरच्या चिश्ती परंपरेचं नाव ज्या गावावरून आलं ते चिश्त हेच, तुम्ही चाललात तेच. जुन्या घुमटांचे अवशेष आहेत तिथे, मी हात जोडून आलोय. पण आजचे सत्ताधारी दर्गा आणि चादरवाले नाहीत. कबरीपुढे हात जोडताना माझ्याकडे एकाने असं पाहिलं, की दुसऱ्यांदा मी नुसता उभा राहिलो. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांनी नीतिनियमांचा कायदाच काढला. त्यात सजीवांच्या चित्रांवर बंदी आहे. फोटो पॅनलचा काढा, पाइपचा काढा, माणूस चौकटीत आला तर आधी यजमानाला विचारा. बाईचा तर प्रश्नच नाही. अम्र बिल मारूफ, म्हणजे हे नीतिनियम पाळायला लावणाऱ्या खात्याची माणसं, प्रत्येक जिल्ह्यात सारखी कडक नाहीत. किती कडक ते तुमचा यजमान सांगेल. माझ्यापेक्षा त्याचं ऐका.

दाढी आणि कपडे: थोडी दाढी असू द्या, लांबून तुम्ही उठून दिसत नाही एवढाच फायदा. मुसलमान असल्याचं सोंग म्हणून नको. कपडे नागपूरच्या मोमिनपुऱ्यातून शिवून नेऊ नका, कॉलरवरून लगेच ओळखू येतात. हेरातच्या बाजारात दोन पेराहन-तुंबान, म्हणजे लांब सदरा आणि सैल पायजमा, शिवून घ्या, शिंपी झटपट देतो. पायात बूट असे की दहा वेळा काढता-घालता येतील.

जेवण. "मन गोश्त नमीखोरम", मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा, आणि सोबत "डॉक्टरने मना केलंय" लावू नका. मग रोज तब्येत विचारतात. आमच्याकडची रीत आहे म्हणा, रीत त्यांना कळते. नान, दही, वांग्याची बोराणी, बटाट्याची बोलाणी, राजमा मिळतो. मूग-तांदळाची खिचडी तिथेही असते, नावही खिचडीच, वरून कुरूत म्हणजे वाळवलेल्या दह्याचं आंबट कालवण; फक्त कोफ्ते नकोत हे आधी सांगा. भाजीत दुंब्याची म्हणजे मेंढ्याची चरबी असू शकते. माझ्यासारखं डोळे मिटून घ्यायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. नान जमिनीवर ठेवू नये, दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, पाय देऊ नये, आणि चहा पुरे झाला की पेला पालथा. नाहीतर ते ओततच राहतात, माझे पहिल्या दिवशी अकरा झाले.

महिला सहकारी: आज माझं उत्तर, गावात नको. तिच्या क्षमतेचा प्रश्न नाही. डिसेंबर २०२१मध्ये ७२ किलोमीटरच्या पुढे बाईने पुरुष नातेवाइकाशिवाय प्रवास करायचा नाही असा हुकूम निघाला, डिसेंबर २०२२मध्ये संस्थांमध्ये अफगाण बायकांनी काम करण्यावर बंदी आली. परदेशी बाईला कुठे किती सूट मिळते हे माणसागणिक बदलतं. पण तोटा काय होतो तोही ऐका: पाणी भरतात बायका, आणि नळ कुठे हवा हे पुरुषांच्या बैठकीत ठरतं. आम्ही एका गावात हातपंप मशिदीसमोर बसवला. मोठी सोय केली असं वाटलं. बायका तिथे येऊच शकत नव्हत्या, पोरी पूर्वीसारख्याच ओढ्यावर जात राहिल्या. तेव्हा जागा ठरवताना यजमानाकरवी त्याच्या आईला विचारून घ्या. बायकोला नव्हे, बायकोचा विषय काढायचाच नाही, आईला. म्हातारी सांगते, आणि तिचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

घरच्यांसाठी: रोज फोन कबूल करू नका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा तासाने मागे, नेटवर्क बेभरवशाचं, आणि सप्टेंबर २०२५च्या शेवटी तर जवळजवळ दोन दिवस देशभर इंटरनेट बंद केलं होतं. ज्यांनी घरी "रोज रात्री नऊला" सांगितलं होतं त्यांच्या घरी चूल पेटली नसेल. दोन दिवस आवाज नाही तर संस्थेच्या हेरात कार्यालयाला फोन, तीन दिवस झाले तर दूतावास, असं कागदावर लिहून फ्रिजला लावा. बायकोला त्या कार्यालयातल्या माणसाशी निघण्याआधी एकदा बोलू द्या. माझ्या घरी तेवढ्यानेच अर्धी धास्ती गेली होती.

भेट काय न्यावी हे तुम्ही विचारलं नाही, पण न्या. संत्रा बर्फी वितळते, वेलची न्या. चहात घालतात, हेल म्हणतात तिला, आणि इथून नेलेली चांगली असते. पाव-पाव किलोच्या पुड्या, यजमानाच्या हातात. औषधं मात्र वाटू नका, डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. एकदा दिली की तुम्ही डॉक्टरसाहेब, मग पहाटे दारात आजारी मूल घेऊन बाप उभा असतो आणि तुमच्याकडे त्याच्यासाठी काहीही नसतं.

तर आज संस्थेला पत्र टाका. गावांची नावं, प्रत्येक गावातल्या यजमानाचं नाव, बोअरच्या जागेपासून सगळ्यांत जवळच्या कारेजचं अंतर, आणि जखमीला आणायची व्यवस्था, एवढं मागा. उत्तरात नुसतं "स्थानिक प्रशासनाचं सहकार्य आहे" असं आलं आणि माणसाचं नाव नसेल, तर तिकीट काढू नका. नावं आली तर मला सांगा. ओबेच्या बाजूची असतील तर एक-दोन मीराब अजून ओळखतील मला, लेव्हलवाला हिंदुस्तानी म्हणून.